खोडदची शांतता

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याला लागलं, की चाकण, राजगुरुनगर, मंचर करत नारायणगाव येतं. तमासगीर विठाबाईंचं नारायणगाव. ढोलकीचा कडकडाट आणि पहाटेपर्यंत रंगणारा फड ही या गावाची जुनी ओळख. तिथूनच उजव्या हाताला खोडदचा रस्ता फुटतो. कांदा, ऊस, टोमॅटोची रानं मागे पडत जातात आणि एकदम एक जाळीदार तबकडी झाडांच्या वर डोकं काढते. मग दुसरी, तिसरी. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. आपल्या हिशेबात सांगायचं, तर एका तबकडीच्या तोंडाचं क्षेत्रफळ जवळजवळ सोळा गुंठे! अशा तीस तबकड्या आहेत. चौदा खोडदला दाटीनं उभ्या आहेत आणि सोळा तीन दिशांना, गावागावांच्या शिवारांतून पसरल्या आहेत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंचवीस किलोमीटर. सगळ्या मिळून एकच दुर्बीण, जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप.

मी पहिल्यांदा तिथं गेलो, तेव्हा दारातच सांगितलं गेलं, मोबाइल बंद करा. नुसता आवाज बंद करून चालणार नाही, फोनच बंद करा. तेव्हा मला ती सरकारी कचेरीतली शिस्त वाटली. पुढे कारण कळलं. चंद्रावर एखादा चालू मोबाइल ठेवला, तर या तबकड्यांना तो आकाशातल्या बहुतेक दीर्घिकांहून ठळक जाणवेल. मग माझ्या खिशातल्या फोनचं काय सांगायचं! ज्या लहरी ऐकायला ही दुर्बीण उभी केली, त्या अब्जावधी वर्षं प्रवास करून, क्षीण होऊन आलेल्या असतात. त्या ऐकायच्या, तर भोवती शांतता हवी, आणि ती कानाला जाणवणारी शांतता नव्हे. खोडदला बैल हंबरतात, मुलं ओरडतात, जत्रेत ताशा वाजतो, त्यानं दुर्बिणीचं काही बिघडत नाही. तिला त्रास होतो तो विजेच्या तारेवरच्या ठिणगीचा, मोबाइलच्या मनोऱ्याचा, कुणाच्या घरातल्या बिघडलेल्या टीव्ही बूस्टरचा.

हे सगळं उभं केलं गोविंद स्वरूप यांनी. उत्तर प्रदेशातल्या ठाकूरद्वाऱ्याला १९२९ साली जन्मलेला हा माणूस ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेत रेडिओ खगोलशास्त्र शिकला आणि होमी भाभांच्या बोलावण्यावरून परत आला. ऑस्ट्रेलियातून आलेल्या बत्तीस लहान तबकड्या त्यांनी १९६५ मध्ये कल्याणजवळ मांडल्या. आज लोकलच्या गर्दीसाठी माहीत असलेल्या कल्याणला तेव्हा सूर्य ऐकला जात होता! मग त्यांनी उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण बांधली. तो उतार मुद्दाम शोधलेला, त्या जागेच्या अक्षांशाइतकाच कललेला, म्हणून दुर्बिणीचा आस आपोआप पृथ्वीच्या आसाशी समांतर झाला. निसर्गाकडून काम करून घेण्याची ही हातोटी खोडदलाही दिसते. एवढी मोठी तबकडी भरीव पत्र्याची केली, तर वाऱ्यानं उलथेल आणि खर्चही झेपणार नाही. म्हणून पोलादी दोऱ्यांवर ताणलेली, अर्ध्या मिलिमीटरच्या तारेची जाळी वापरली. वारा आरपार जातो, पण लांब रेडिओ लहरींना ती जाळी आरशासारखीच. तबकडीखाली उभं राहून वर पाहिलं, की जाळीतून निळं आकाश दिसतं. ते दृश्य मी विसरलेलो नाही.

आता तुमच्या मनात आलेल्या प्रश्नाकडे येतो, कारण खोडदला जाणारा प्रत्येक जण तो विचारतोच. इथं परग्रहावरच्या लोकांचा आवाज येतो का हो?

खरं उत्तर असं, की ही दुर्बीण त्यासाठी बांधलेली नाही. स्वरूप यांच्यापुढे दोन मोठी कामं होती, विश्वाच्या बालपणातला हायड्रोजन शोधणं आणि पल्सार, म्हणजे स्पंदन करणारे तारे, हुडकणं. पण या हायड्रोजनाचा आणि परग्रहवासीयांचा एक जुना धागा आहे. हायड्रोजनाचा अणू एका ठरावीक लांबीची लहर सोडतो, २१ सेंटिमीटरची. विश्वात सगळ्यात मुबलक तोच. कोकोनी आणि मॉरिसन या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये एक विचार मांडला. दूर कुठे कुणी बुद्धिमान असेल आणि त्याला अनोळखी माणसाला हाक मारायची असेल, तर तो कोणत्या सुरात मारेल? दोघांची भाषा वेगळी, अंक वेगळे, शरीरंही वेगळी. पण हायड्रोजन दोघांच्याही ओळखीचा! मला हा विचार आजही फार सुंदर वाटतो. अनोळखी गावात आपण असाच एखादा ओळखीचा धागा काढून बोलायला लागतो.

पुढच्याच वर्षी, एप्रिल १९६० मध्ये, फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेतल्या ग्रीन बँक इथली दुर्बीण दोन ताऱ्यांकडे वळवली आणि याच सुरात कान लावला. सुरुवातीलाच एक जोरदार ठोका ऐकू आला. काय आनंद झाला असेल! पण तो माणसाचाच निघाला.

गेली साठ-पासष्ट वर्षं ही गोष्ट पुन्हापुन्हा घडते आहे. केंब्रिजला जोसलिन बेल या विद्यार्थिनीला १९६७ मध्ये दर सुमारे १.३ सेकंदांनी, घड्याळासारखे ठोके सापडले. त्या ठोक्यांना ‘छोटे हिरवे लोक’ असं टोपणनावही मिळालं. पण बेल तिथं थांबल्या नाहीत. आकाशाच्या दुसऱ्या भागात त्यांना तसेच ठोके सापडले, आणि दोन वेगळ्या दिशांनी एकाच वेळी कुणी हाका मारणार नाही, हे ध्यानात आलं. असा पहिला पल्सार मिळाला. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीला तर कित्येक वर्षं काही गूढ झटके ऐकू येत होते. २०१५ मध्ये त्यांचा उगम सापडला. आवारातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनचं दार, तो चालू असतानाच कुणीतरी उघडत होतं!

यात हसण्यासारखं काही नाही, उलट या शास्त्राची इभ्रत इथंच आहे. काहीही ऐकू आलं, की शास्त्रज्ञ पहिला संशय स्वतःच्या घरावर घेतो. यंत्र बिघडलंय का, विमान गेलं का, शेजारचा बूस्टर फुटला का? सगळी आपली घरं तपासून झाली, की मगच आकाशाकडे बोट. आणि तेव्हाही आधी ताऱ्याकडे, वायूकडे. सजीवाकडे सगळ्यात शेवटी.

आपण मात्र उलट करतो. २०२३ च्या जानेवारीत बातमी आली, की खोडदच्या दुर्बिणीनं फार दूरच्या दीर्घिकेतून आलेला रेडिओ सिग्नल पकडला. बातमी खरीच होती आणि मोठी होती. सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेली हायड्रोजनाची लहर! निघाली तेव्हा २१ सेंटिमीटर, पण वाटेत विश्वच प्रसरण पावत गेलं, म्हणून पोचेपर्यंत ताणून ४८ सेंटिमीटर झालेली. मधल्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणानं भिंगासारखं काम केलं, म्हणून ती ऐकू तरी आली. पण ‘सिग्नल’चं मराठी ‘संदेश’ केलं, की डोळ्यांपुढे पाठवणारा उभा राहतो. माझ्या ओळखीच्या दोन सुशिक्षित माणसांनी मला विचारलं, काय निरोप होता? निरोप कुणाचाच नव्हता. पृथ्वी जन्मायच्या आधी निघालेली ती एक लहर होती, आणि तिला निरोपाची जोड लागत नाही.

शास्त्रज्ञाचा हा संयम मराठी वाचकांना सगळ्यात जवळून दाखवला तो जयंत नारळीकरांनी. परग्रहवासीयांच्या कथा त्यांनी लिहिल्या, ‘यक्षांची देणगी’ आपल्यापैकी कितीतरी जणांनी शाळेत असताना वाचलं. कथेत ते मोकळे होते. पण हाच प्रश्न प्रयोगशाळेत आला, तेव्हा त्यांची मोजपट्टी बदलली. जीवाची बीजं अंतराळातून पृथ्वीवर येत असतील, ही त्यांचे गुरू फ्रेड हॉइल यांची कल्पना. ती तपासायला इस्रोच्या आणि इतर संस्थांच्या मदतीनं २००१ मध्ये हैदराबादहून प्रचंड फुगा सोडला. तो ४१ किलोमीटरपर्यंत गेला. २००५ मध्ये पुन्हा सोडला. त्याच्याखाली पोलादी, निर्जंतुक, आतून निर्वात केलेल्या नळ्या होत्या, द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या. झडप उघडली, की थंडीनं वरची विरळ हवा आत ओढली जाई. दुसऱ्या उड्डाणात जिवाणूंच्या बारा आणि बुरशीच्या सहा वसाहती मिळाल्या. त्यांत जिवाणूंच्या तीन प्रजाती नव्या होत्या. एकीला हॉइल यांचं नाव दिलं, एकीला इस्रोचं, एकीला आर्यभटाचं. अतिनील किरणांना त्या जवळच्या नात्यातल्या जिवाणूंपेक्षा जास्त तोंड देत होत्या.

एवढं हातात असताना ‘सापडले!’ असं ओरडायचा मोह कुणाला झाला नसता? पण जाहीर झालं ते एवढंच, की हे जीव बाहेरून आले असं यावरून सिद्ध होत नाही, शोध चालू ठेवायला मात्र बळ मिळतं. नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात गेले. प्रश्न अजून उघडा आहे.

श्रोतेहो, खोडदचा कान किती तिखट आहे, याची एक आठवण सांगतो. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं स्कियापारेल्ली हे यान मंगळावर उतरत होतं. त्याची बारीकशी शिट्टी थेट पृथ्वीवर ऐकता येते का, हे पाहायला खोडदच्या तबकड्या वळवल्या होत्या. जवळजवळ दहा मिनिटांचा प्रवास करून ती शिट्टी जुन्नर तालुक्यात ऐकू आली. यान वातावरणात शिरलं, हवाईछत्री उघडली, आणि उतरायला जेमतेम मिनिटभर उरलं असताना शिट्टी थांबली. यान कोसळलं होतं. एका यंत्राचे शेवटचे क्षण कांद्याच्या रानात उभं राहून ऐकले गेले.

पण ही शांतता फुकट मिळत नाही. परिसरात कारखाना आणायचा, मनोरा उभारायचा, तर आधी दुर्बिणीचा विचार करावा लागतो. पुणे–नाशिक जलद रेल्वेचा नारायणगावावरून जाणारा आराखडाही याच कारणानं बदलायचं ठरलं, आणि तिथल्या लोकांना त्याचा राग आहे. तो राग मला खोटा वाटत नाही. त्यांच्या पोरांना नोकरीसाठी चाकणला जावं लागतं आणि आपण पुण्या-मुंबईत बसून विश्वाच्या गप्पा मारतो. म्हणून निदान एवढं तरी व्हायला हवं, की त्यांनी राखलेल्या शांततेत काय ऐकू आलं, ते त्यांना त्यांच्या भाषेत, नीट, न फुगवता सांगितलं जावं. ८८० कोटी वर्षांची ती लहर खोडदच्या शाळेतल्या मुलालाही आपली वाटली पाहिजे.

दर वर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, खोडदला विज्ञानाची जत्राच भरते. गावोगावच्या शाळांची मुलं स्वतः केलेले प्रयोग मांडून बसतात आणि शास्त्रज्ञ त्यांच्यात मिसळून बोलतात. यंदा घरातल्या मुलांना घेऊन जरूर जा. तबकडीखाली उभं राहून एकदा वर पाहा. आणि दारात फोन बंद करायला सांगतील, तेव्हा तो खरोखरच बंद करा.