टोपणनावाचं ओझं



मघाशी माझी ओळख करून देताना मुख्याध्यापिका बाईंनी सांगितलं की, या माणसानं ३६ वर्षं पोरांना फुटबॉल शिकवला. ते खरं आहे. पण गेली काही वर्षं एक माहितीपट माझ्या डोक्यातून जात नाही, आणि तुम्ही गॅदरिंगला बोलवलंत तेव्हा दुसरं काही बोलावंसं वाटेना. माहितीपट जर्मन आहे. 'टॉम मीट्स झिझू', २०११ साली आलेला. झिझू म्हणजे झिनेदिन झिदान, हे पुढच्या रांगेतल्या पोरांना सांगायला नको. टॉम म्हणजे थॉमस ब्रॉइश. हे नाव तुमच्यापैकी बहुतेकांच्या कानावर आलेलं नसेल. तुमची चूक नाही. जगभर गाजायला हवं होतं, असं ते नाव होतं, आणि गाजलं नाही.

आल्योशा पाउझे नावाचा दिग्दर्शक २००३ साली कॅमेरा घेऊन ब्रॉइशच्या मागं लागला. तेव्हा हा पोरगा बावीस वर्षांचा, बुर्गहाउझेन नावाच्या लहानशा गावाच्या संघातून जर्मनीच्या दुसऱ्या श्रेणीत खेळत होता. मिडफिल्डचा खेळाडू. चेंडू पायाला चिकटल्यासारखा. मान वर, आणि पास असा जायचा की पुढच्यानं फक्त पळत सुटायचं. २००६ चा वर्ल्डकप जर्मनीतच होणार होता आणि ब्रॉइशकडं मोठ्या आशेनं पाहिलं जात होतं. एका ताऱ्याचा उदय टिपावा म्हणून सुरू झालेलं चित्रण आठ वर्षं चाललं. तारा काही उगवला नाही. तरीही पाउझेनं कॅमेरा बंद केला नाही, याबद्दल मला त्या माणसाविषयी फार आदर वाटतो. हरणाऱ्याच्या घरी आठ वर्षं जात राहणं सोपं नसतं.

२००४ च्या सुरुवातीला ब्रॉइश बोरुसिया म्योन्शेनग्लाडबाखकडे, म्हणजे थेट बुंडेसलिगामध्ये, जर्मनीच्या पहिल्या श्रेणीत आला. सुरुवात झकास झाली. पोरगा वाचणारा होता, गिटार वाजवायचा, तत्त्वज्ञानावर बोलायचा, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत ऐकायचा. फुटबॉलच्या ड्रेसिंग रूममध्ये असं कोण असतं? वर्तमानपत्रांना आयता मसाला मिळाला आणि त्यांनी त्याचं नाव ठेवलं 'मोझार्ट'.

पोरांनो, या नावापाशी मला थोडं थांबायचंय.

बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाला मोझार्ट म्हटलं तर त्याला आवडणारच. त्यालाही आवडलं. त्यानंही त्या नावाला साजेसं बोलायला, दिसायला सुरुवात केली. आपण बाकीच्यांपेक्षा वेगळे, थोडे वरचे, असं त्याला वाटू लागलं, आणि संघातल्या पोरांनाही ते जाणवू लागलं. इकडं क्लबमध्ये एकामागून एक प्रशिक्षक बदलत गेले. नव्या साहेबाला मोझार्ट नको होता. पळणारा, भिडणारा, चेंडू हिसकावणारा गडी हवा होता. ब्रॉइश बाकावर बसला. आता बघा, साधा थॉमस बाकावर बसला असता तर चार शिव्या मनात घालून दुसऱ्या दिवशी सरावाला आला असता. पण बाकावर बसलेला मोझार्ट हा चेष्टेचा विषय होतो. मैदानात गेलं की प्रत्येक पास त्या नावाला शोभला पाहिजे. नाही शोभला, की तेच नाव वापरून हिणवायचं.

२००६ च्या उन्हाळ्यात जर्मनीत वर्ल्डकप झाला. त्याच्यापेक्षा तीन-चार वर्षांनी लहान असलेले पोडोल्स्की आणि श्वाइनस्टायगर देशासाठी खेळले, जर्मनी तिसरी आली, सगळा देश रस्त्यावर नाचला. ब्रॉइश त्याच उन्हाळ्यात कोलोन क्लबमध्ये गेला, पुन्हा दुसऱ्या श्रेणीत. कोलोन २००८ मध्ये वर चढलं, पण ह्याची जागा काही पक्की झाली नाही. मग २००९ साली न्यूरेम्बर्ग. तिथं तर तो जवळजवळ विझलाच. जर्मनीच्या मुख्य संघाकडून तो एकही सामना खेळला नाही.

आपल्याकडं अशा पोराबद्दल एकच वाक्य असतं. 'वाया गेलं पोरगं.' आणि ते म्हणताना दारू, जुगार, वाईट संगत असं काहीतरी डोळ्यांपुढं येतं. ब्रॉइशच्या गोष्टीत यातलं काहीच नाही. गुडघा कायमचा गेला, असंही नाही. म्हणूनच ही गोष्ट मला जास्त लागते. व्यसनाची गोष्ट असती तर मी तुम्हाला दोन उपदेश करून खाली बसलो असतो.

लागते, याला आणखी एक कारण आहे. ते मी आजवर कुठं बोललो नाही.

माझ्या हाताखाली एक डावखुरा पोरगा होता. कुठल्या शाळेत, कुठल्या साली, ते राहू द्या. कोल्हापुरात फुटबॉलचं वेड काय आहे हे मी तुम्हाला सांगायला नको. शाहू स्टेडियमवर हंगामात पेठापेठांची, तालमी-तालमींची ईर्षा कशी पेटते ते तुम्ही गॅलरीत बसून बघताच. त्या पोराचा खेळ बघून वाटायचं, हा एक दिवस त्या मैदानावरून थेट पुढं जाणार. नववीत असताना त्यानं एका सामन्यात तिघांना चकवून गोल मारला आणि मी, बक्षीस समारंभाचा माईक हातात होता म्हणून, बोलून गेलो, 'हा आमचा मेस्सी!' टाळ्या पडल्या. पुढच्या आठवड्यात गल्लीत फलक लागला. घरचे, मित्र, रिक्षावाले, सगळे मेस्सी म्हणू लागले. मीही.

दहावीच्या वर्षी त्यानं पास देणंच सोडलं. चेंडू आला की चकवायचा, चकवायचा, आणि घालवायचा. घालवला की गॅलरीतून आरोळी, 'काय रे मेस्सी!' एका संध्याकाळी सराव संपला, सगळे गेले, हा पायरीवर बसून बुटाच्या स्टडमधला चिखल काडीनं उकरत होता. एकेक स्टड, सावकाश. मी जवळ गेलो. मान वर न करता तो म्हणाला, 'सर, मला नावानं हाक मारा की.' मी हसलो. त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणालो, 'चल मेस्सी, उशीर झालाय.'

पुढच्या हंगामात तो आला नाही. नंतरही कधी आला नाही.

हा माहितीपट मी त्यानंतर कधीतरी पाहिला. ब्रॉइश कॅमेऱ्यासमोर बसून स्वतःबद्दल बोलतो. दोष प्रशिक्षकांवर, पेपरवाल्यांवर ढकलून मोकळा होत नाही. आपला ताठा, आपण घेतलेलं सोंग, आपली भीती, एकेक काढून समोर ठेवतो. ते बघताना मला ती काडी आणि तो चिखल दिसत होता.

पुढची गोष्ट मात्र ऐका, ती आनंदाची आहे. २०१० साली ब्रॉइश ऑस्ट्रेलियाला गेला, ब्रिस्बेन रोअरकडून खेळायला. बुंडेसलिगातल्या माणसानं तिकडं जाणं म्हणजे मोठी उतरण, असंच सगळे मानायचे. पण तिथं मोझार्ट कुणाला माहीत नव्हता. अँजे पोस्टेकोग्लू हे प्रशिक्षक होते, तेच जे पुढं टॉटनहॅमला गेले. त्यांचा आग्रह एकच, चेंडू जमिनीवर ठेवा आणि पास द्या, गोलरक्षकापासून पुढं सगळ्यांनी. ब्रॉइशला हवं ते मिळालं. तो संघ लीगमध्ये सलग ३६ सामने हरला नाही.

आणि १३ मार्च २०११ ची ती फायनल. ब्रिस्बेनचं मैदान, ५० हजारांवर प्रेक्षक, समोर सेंट्रल कोस्ट मरिनर्स. नव्वद मिनिटांत गोल नाही. जादा वेळेत ब्रिस्बेन ०-२ नं मागं. लोक उठून निघाले असतील असा तो क्षण. ११७ व्या मिनिटाला हेन्रिकेनं एक गोल फेडला. १२० व्या मिनिटाला कॉर्नर मिळाला, आणि कॉर्नरच्या झेंड्याजवळ चेंडू मांडायला गेला तो ब्रॉइश. चेंडू वळत आत आला, एरिक पार्टालूनं डोकं लावलं, २-२! पेनल्टीवर ब्रिस्बेननं ४-२ नं विजेतेपद जिंकलं. गोल पार्टालूच्या नावावर लागला. ब्रॉइशच्या वाट्याला फक्त तो पास, आणि तो देतानाचा आनंद. ब्रिस्बेनकडून त्यानं पुढं आणखी दोन विजेतेपदं मिळवली. आणि खेळ संपल्यावर तो वळला पोरांना शिकवण्याकडं. २०२४ साली बोरुसिया डॉर्टमुंडच्या युवा अकादमीची जबाबदारी त्याच्याकडं आली. तिथल्या पोरांचा मला हेवा वाटतो.

बक्षीस वितरणाला उशीर होतोय, बाई खुणावताहेत. त्यांनी दिलेली यादी माझ्या हातात आहे. फुटबॉलच्या उत्कृष्ट खेळाडूच्या नावापुढं कौतुकानं कंसात एक मोठं नाव लिहिलंय. लिहिणाऱ्या सरांचं प्रेम मला कळतं, पण ते मी वाचणार नाही. मी मुलाचं नाव वाचतो, वडिलांचं वाचतो, आडनाव वाचतो. बाळ, जिथं असशील तिथून ऊठ, आणि सावकाश ये.