नाडीवरील बोट आणि कागदावरील नोंद

(जालना जिल्ह्यातील शिक्षक, पंचायत सदस्य व ग्रामस्तरीय कर्मचारी यांच्यापुढे केलेले भाषण)



अतिदक्षता विभाग म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे शहरातील मोठे रुग्णालय उभे राहते. खाटेशेजारी पडदा असतो, त्यावर हृदयाची रेषा धावत असते आणि आकडा घसरताच घंटा वाजते. ही साधने मोलाची आहेत, यात शंका नाही. परंतु जेथे असा विभाग नाही, तेथे अत्यवस्थ रुग्णाची सुरक्षितता कशावर अवलंबून असते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी परदेशी जावयास नको. भोकरदन तालुक्यातील देहेड या गावी १९५१ साली जन्मलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या संशोधनात ते सापडते.

१९७६ साली ते महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. आजचा रायगड जिल्हा त्या वेळी कुलाबा या नावाने ओळखला जात असे. लाल विंचवाच्या दंशाने तेथे धडधाकट माणसे व विशेषतः लहान मुले दगावत. गंभीर दंशाच्या शंभर रुग्णांपैकी तीस ते चाळीस मृत्यू पावत असत. मृत्यू नेमका कशाने येतो, याचा उलगडा मात्र झालेला नव्हता. केंद्रात यंत्रसामग्री जवळजवळ नव्हती. रक्तदाब मोजण्याचे उपकरण, छातीला लावावयाची नळी, घड्याळ आणि कागद एवढेच हाताशी होते. तरुण डॉक्टरांनी रुग्णाच्या खाटेशेजारी बसून नाडी, रक्तदाब, श्वासोच्छ्वास व हातापायांची उष्णता यांच्या नोंदी ठेवण्यास प्रारंभ केला.

त्या नोंदींतून रोगाचे चित्र हळूहळू स्पष्ट झाले. विंचवाचे विष मज्जातंतूंना अनावर चेतविते. त्यामुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो, हृदयावर असह्य भार पडतो आणि अखेर फुप्फुसांत पाणी साचून रुग्ण गुदमरतो. हा प्रकार एकाएकी घडत नाही. त्यापूर्वी उलट्या, भरपूर घाम व गार पडलेले हातपाय ही लक्षणे पूर्वसूचना देतात. या पूर्वलक्षणांवरील त्यांचा निबंध १९८२ साली ‘लॅन्सेट’ या जगद्विख्यात वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

रोगाचे कारण उमगले, पण उपाय अद्याप सापडावयाचा होता. रक्तवाहिन्या सैल करणारे एक औषध शिरेतून देता येत असे. परंतु त्यासाठी क्षणोक्षणी रक्तदाबावर नजर ठेवावी लागते आणि ती सोय खेड्यात कोठून आणावयाची? डॉ. बावस्कर व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी प्राझोसिन ही रक्तदाबावरील साधी गोळी वापरून पाहिली. तिचे परिणाम १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्येच प्रसिद्ध झाले. गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आले. पुढे २०११ साली ‘बीएमजे’ या नियतकालिकात सत्तर रुग्णांवरील तुलनात्मक अभ्यास प्रकाशित झाला. केवळ प्राझोसिन घेणाऱ्यांना बरे होण्यास सरासरी सुमारे १८ तास लागले, तर सोबत प्रतिविष मिळालेल्यांना ८ तास पुरले. २०२२ साली डॉ. बावस्करांना पद्मश्री प्राप्त झाली.

येथे एक गोष्ट मी आग्रहाने सांगू इच्छितो. ती गोळी देऊन डॉक्टर मोकळे होत नाहीत. पहिले तीन तास दर अर्ध्या तासाने, पुढील सहा तास दर तासाने आणि त्यानंतर उतार पडेपर्यंत दर चार तासांनी नाडी, रक्तदाब व श्वास तपासावे लागतात. गोळीने रक्तदाब एकाएकी खाली जाऊ शकतो. म्हणून रुग्णाला निजवूनच ठेवावे लागते. मायेने लेकराला कडेवर उचलून घेणारी आई नकळत त्याला धोक्यात लोटण्याचा संभव असतो. म्हणजे प्राण वाचविण्याचे श्रेय गोळीइतकेच त्या जागत्या पहाऱ्याचेही आहे.

करोनाच्या काळात २०२० साली ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत हा पहारा घरोघर पोहोचला. बोटाला लावावयाचे ऑक्सिमीटर तेव्हा सर्वांच्या परिचयाचे झाले. परंतु हात गार पडले असतील, तर तेच उपकरण फसवा आकडा दाखवू शकते, आणि विंचूदंशात हात गारच पडतात. तेव्हा यंत्राचा आकडा रुग्णाकडे पाहूनच वाचावा लागतो.

आता आपल्या कर्तव्याकडे वळू. दगड उचलताना, सरपण काढताना वा अंधारात अनवाणी चालताना दंश होतो. शिक्षकांनी मुलांना हे सांगावे. दंश झाल्यास मंत्र-उताऱ्यात वेळ दवडू नये. दंशाची वेळ कागदावर लिहावी. उलटी व घाम केव्हा सुरू झाला, तेही टिपावे. वेदना नाही म्हणून निर्धास्त राहू नये. मूल घामाने भिजून गार पडले असेल, तर तत्काळ आरोग्य केंद्र गाठावे किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पंचायत सदस्यांनी आपल्या केंद्रात प्राझोसिन व प्रतिविष शिल्लक आहे काय, मुलांच्या दंडाला बसेल असा रक्तदाबाचा लहान पट्टा आहे काय आणि रात्रपाळीस नोंद ठेवणारे कोणी असते काय, हे तीन प्रश्न अवश्य विचारावेत. रुग्णास पुढे पाठविताना तोवरच्या नोंदींचा कागद त्याच्यासोबत गेलाच पाहिजे. तो मागे राहिला, तर पुढील डॉक्टरांना सारे पहिल्यापासून आरंभावे लागते.

बिरवाडीच्या केंद्रात यंत्रे नव्हती, पण रुग्णाजवळ बसून त्याची नाडी पाहणारा माणूस होता. मंठ्यापासून भोकरदनपर्यंत प्रत्येक केंद्रात असा माणूस रात्रीही जागा असावा, एवढीच आपणा सर्वांकडून अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.