किलोमीटर पाहिले, तारीख पाहिली नाही



आम्ही निफाड तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बारा जणी. आज तुमच्याशी गाडीबद्दल बोलायचंय. आपल्या जिल्ह्याला गाडी काही नवी नाही. नाशिकच्या कारखान्यात बोलेरो तयार होते, इगतपुरीला इंजिनं बनतात. घरातलं कुणी ना कुणी सातपूर-अंबडला कामाला असतं. पण गाडीसोबत मिळालेलं पुस्तक उघडून वाचणाऱ्या आपल्यात थोड्याच. आम्हीही वाचलं नव्हतं, त्याचीच ही गोष्ट.

आम्ही कर्ज काढून पिकअप घेतली. टोमॅटोचे क्रेट पिंपळगाव बसवंतला, कांदा लासलगावला न्यायचा. पहिला हंगाम छान गेला. माल नसेल तेव्हा गाडी दारात उभी. सर्व्हिसिंग दहा हजार किलोमीटरला, एवढंच आमच्या डोक्यात. काटा दहा हजारावर आला नाही, म्हणून आम्ही निवांत.

दुसऱ्या हंगामात गाडी चढाला ओढेना, धूर सोडायला लागली. टर्बो गेला होता. वॉरंटी तीन वर्षांची, म्हणून निर्धास्त गेलो. तिथल्या माणसानं पुस्तकातल्या एका ओळीवर बोट ठेवलं : दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. वर्ष उलटून पाच महिने झाले होते. वॉरंटी नाकारली. बचतीतले 38 हजार रुपये गेले आणि त्या महिन्याचा हप्ता उसनवारीवर भरला.

बैठकीत कोण कुणाला काय बोललं ते विचारू नका. शेवटी एक गोष्ट सगळ्यांना पटली. गाडी सगळ्यांची होती, म्हणून पुस्तक कुणाचंच नव्हतं.

उभ्या गाडीचं ऑइल खराब कसं होतं, हा आमचाही प्रश्न होता. मिस्त्रीनं समजावलं. हवेतला ओलावा आणि इंजिनातली घाण ऑइलमध्ये मिसळते, त्याचा वंगणपणा कमी होतो. टर्बो फार वेगानं फिरतो आणि त्याच ऑइलवर जगतो.

आता आम्ही काय करतो ते सांगतो.

पुढच्या सर्व्हिसिंगचे किलोमीटर आणि तारीख, दोन्ही गटाच्या वहीत पहिल्या पानावर लिहितो. दर बैठकीला वाचतो. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील, ते पुस्तकात पाहा.

वॉरंटी आहे तोवर सर्व्हिसिंग कंपनीच्या अधिकृत केंद्रातच करतो. पुस्तकात शिक्का घेतो आणि छापील बिल पासबुकाबरोबर जपतो.

जादा दिवे किंवा गाणी लावायला वायर कापू देत नाही. क्षमतेपेक्षा जास्त माल भरत नाही. या दोन कारणांवरूनही वॉरंटी नाकारली जाते.

दर आठवड्याला, इंजिन गार असताना, ऑइलची पट्टी पुसून पातळी पाहतो, कूलंट पाहतो. गरम रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नका, वाफेनं भाजतं. शेतरस्त्याच्या धुळीनं एअर फिल्टर लवकर भरतो, तोही दाखवून घ्या.

हेही लक्षात ठेवा : ब्रेकचे पॅड, क्लच प्लेट, वायपर असे झिजणारे भाग वॉरंटीत सहसा नसतात. टायर आणि बॅटरीची वॉरंटी बहुतेक वेळा ते बनवणाऱ्या कंपनीची वेगळी असते. ती कागदपत्रं घेतल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.

आमच्या बाबतीत चूक आमची होती. पण तुम्ही सगळं वेळेवर केलं असेल आणि तरी नकार मिळाला, तर गप्प बसू नका. तक्रार जॉब कार्डवर लिहून घ्या. नकाराचं कारण लेखी मागा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. तिथं काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथं दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, एखादीनं स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली गाडीही त्यात बसते. पण तिथंही पहिला प्रश्न येतो तो बिलं कुठं आहेत हाच.

आज घरी गेल्यावर एवढं करा. गाडी असो, ट्रॅक्टर असो की स्कूटी, तिचं पुस्तक शोधा, शेवटच्या सर्व्हिसिंगची तारीख पाहा. आणि ते पुस्तक कुणी सांभाळायचं, ते आजच एकीच्या नावावर ठरवा.