आपल्या गावचा इतिहास आणि थोड्या पैशांचे मोल

(विहाराच्या वर्धापनदिनी नामपूर येथे केलेले भाषण)

 

आम्ही काही पंडित नाही. सूतगिरणीत पाळी करणारी माणसे. जे वाचले ते पाळी सुटल्यावर वाचले. गिरणीत एक गोष्ट मात्र पक्की शिकलो. कोणत्या साच्यावर किती सूत निघाले याची नोंद रोजच्या रोज होते. सुताची नोंद होते, पण ते काढणाऱ्या माणसाची कोण ठेवतो? आपल्या वस्तीचेही तसेच झाले आहे. म्हणून आज आम्ही एकाच विषयावर बोलणार आहोत. आपल्या गावचा इतिहास लिहून ठेवायला, आपले जलसे, आपली गाणी जिवंत ठेवायला फार पैसा लागत नाही. थोडा लागतो. पण तो थोडा पैसा कुठून येतो आणि कोणाच्या हातात राहतो, यावर सगळे ठरते.

हा प्रश्न आजचा नाही. पेशवाईतली दक्षिणा इंग्रजांनीही काही काळ चालू ठेवली होती. पुढे सुधारकांनी मागणी लावून धरली, तेव्हा तिचा काही भाग मराठी पुस्तकांच्या बक्षिसांकडे वळला. जोतीरावांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून त्याच दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते नाकारले. ते छापून लोकांसमोर यायला १९७९ साल उजाडले. म्हणजे पैसा होता, योजना होती, पण निवडायला बसलेली माणसे कोण होती? हे ध्यानात ठेवा.

आता दुसरी बाजू बघा. ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले, त्यामागे शाहू महाराजांचे अडीच हजार रुपये होते. एका संस्थानिकाला ही रक्कम मोठी नव्हती. पण योग्य वेळी, योग्य हातात पडली, आणि मुक्या समाजाला वाचा फुटली. पत्र पुढे बंद पडले, तरी अंक राहिले, म्हणून आज आपण ते वाचतो.

आपला नाशिक जिल्हा तर इतिहासाने भरलेला आहे. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची. मनमाडला फेब्रुवारी १९३८ मध्ये रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेब बोलले. ह्या तारखा पाठ आहेत. पण आपल्या बागलाणातून, आपल्या मोसम नदीच्या काठावरून नाशिकला कोण गेले होते? भाकरी कोणी बांधून दिली? परत आल्यावर गावाने त्यांना कसे वागवले? ते कोणत्या पुस्तकात आहे? ते फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे.

दादासाहेब गायकवाडांनी बाबासाहेबांची पत्रे जपून ठेवली, म्हणून त्या सत्याग्रहाचा आतला इतिहास आज कळतो. भीमराव कर्डक आपल्याच जिल्ह्याचे. त्यांनी गावोगाव जलसे केले आणि १९७८ साली ‘आंबेडकरी जलसे’ हे पुस्तक लिहून ठेवले, म्हणून जलसा काय होता ते नव्या पोरांना समजते. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून ह्या दोघी चळवळीतल्या बायकांना जाऊन भेटल्या, त्यांचे बोलणे लिहून घेतले. १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक झाले. पत्र जपणे, लिहून काढणे, जाऊन विचारणे, ही तीनच कामे आहेत. तिन्ही आपल्याला जमण्यासारखी आहेत.

घाई का, तर सांगतो. १९५६ ला दहा वर्षांचे असलेले पोर आज ऐंशीच्या घरात आहे. अहिराणीतल्या ओव्या म्हणणाऱ्या आज्या थकल्या. पत्र्याच्या पेटीतले फोटो वाळवीने खाल्ले. गिरणीत सूत तुटले की तिथल्या तिथे सांधावे लागते. टोक हरवले तर काय सांधणार?

सरकारकडे काहीच नाही असे नाही. पन्नाशी ओलांडलेल्या कलावंतांना, साहित्यिकांना मानधन आहे. ते २०२४ पासून सरसकट दरमहा ५००० रुपये झाले. साहित्य आणि संस्कृती मंडळाचे नवलेखक अनुदान आहे. सरकारबाहेर बंगलोरची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही संस्था कला आणि संशोधनाला अनुदान देते. हे मागितले पाहिजे. तो आपला हक्क आहे. आपल्यातला कोणी शाहीर मानधनावाचून राहिला असेल, तर त्याचे कागद जमवून देणे हे शिकलेल्या पोरांचे काम आहे.

पण अनुभवही सांगतो. एका कार्यालयात आम्ही गावच्या आठवणी जमवायच्या म्हणून अर्ज घेऊन गेलो. साहेब म्हणाले, “ह्याला हेड नाही. सभामंडप मागा.” सभामंडप आपल्याला हवाच आहे. पण मंडपात बसून सांगायचे काय, हे विसरलो तर तो मंडप नुसता पत्र्याचा राहील. विटा मोजता येतात, म्हणून विटांना पैसा मिळतो. आठवण मोजता येत नाही.

म्हणून सुरुवात आपण आपल्याच पैशाने करावी. १४ एप्रिलच्या वर्गणीतले शंभरातले पाच रुपये नोंदीसाठी बाजूला काढा. डीजेचा आवाज एक रात्र राहतो, वही पन्नास वर्षे राहते. त्या पैशात वह्या येतील, जुन्या फोटोंच्या प्रती निघतील, शेजारच्या गावी जायचे एसटीचे भाडे निघेल. मोबाइल तर प्रत्येक पोराच्या खिशात आहे. म्हाताऱ्यांचे बोलणे त्यात भरा, आणि नाव, गाव, तारीख घालून वहीत उतरवा. ज्याचे बोलणे घेतले त्याला वाचून दाखवा. त्याला नको असेल ते छापू नका. वर्षातून एकदा विहारात जलसा करा आणि जमवलेले लोकांसमोर ठेवा.

समितीत दोन बायका आणि दोन तरुण असलेच पाहिजेत. नाहीतर आपलीही दक्षिणा कमिटी व्हायला वेळ लागणार नाही. आणि हिशेब? पै-पैचा. पावतीसकट फळ्यावर लावायचा. उद्या बाहेरचे अनुदान मागायला गेलो तर पहिला प्रश्न हिशेबाचाच येईल. तेव्हा ही वही आणि ही पावती पुस्तके आपल्या बाजूने बोलतील. आपले काम आधी उभे असेल तर देणारा आपल्याला विषय शिकवणार नाही. बाहेरचा पैसा आला तर चांगलेच. नाही आला तरी काम थांबणार नाही.

अध्यक्ष महोदय, आमची विनंती एवढीच आहे की आजच्या सभेत हा ठराव घ्यावा आणि पहिली वही आजच उघडावी. आमच्याकडून पहिले शंभर रुपये ह्या टेबलावर ठेवतो. सगळ्यात वयस्क आजीबाई समोर बसल्या आहेत. पहिले पान त्यांचे असावे.

जय भीम! नमो बुद्धाय!