ती फळी काय करत होती?

(१९७८ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि ‘अमेरिकेतल्या अनुभवांवर बोल’ असं सांगितलंय. त्या विषयावर माझ्यापेक्षा चांगलं बोलणारे आपल्या तुकडीत आणखी तिघे आहेत. मी एका जुन्या ट्रकबद्दल, खरं तर त्याच्या पुढच्या पाट्यांबद्दल बोलणार आहे. समोर आपले वर्कशॉपचे सर बसले आहेत. त्यांना तरी हा विषय चालेल.

आधी आठवीतली गोष्ट. टेक्निकलच्या तासाला ड्रिलिंग मशीनवर माझी पाळी होती. जॉबखाली एक तेलकट, भोकं पडलेली लाकडी फळी असायची. मला ती घाण वाटली. मी ती काढून कोपऱ्यात टाकली आणि जॉब थेट टेबलावर ठेवला. ड्रिल जॉबमधून आरपार गेलं, खालच्या बिडाच्या टेबलात घुसलं आणि कट्‌कन तुटलं. माझ्या बाकावरच्या मित्रानं ही गोष्ट पुढे गावभर सांगितली, म्हणून लपवण्यात अर्थ नाही.

सर आले. मला वाटलं, आता छडी. त्यांनी तुटलेला तुकडा उचलला आणि विचारलं, “ती फळी काय करत होती?”

मी म्हणालो, “काही नाही सर, नुसती पडून होती.”

“मग आज तिचं काम कुणी केलं?”

मला उत्तर आलं नाही. ते यायला पंचेचाळीस वर्षं लागली.

मी ओहायो राज्यातल्या एका लहान गावात राहतो. शेजारी एक वयस्क शेतकरी जोडपं होतं. १९८७ मध्ये मी तिथे नवीन होतो, तेव्हा बर्फात गाडी कशी चालवायची हे मला त्या आजोबांनी शिकवलं, तेही त्यांच्या १९५० सालच्या शेव्हरोले ३१०० ट्रकवर. जनरल मोटर्सने ही घडण १९४७ मध्ये आणली आणि १९५५ च्या सुरुवातीपर्यंत चालवली. गुबगुबीत मडगार्ड, पुढे आडव्या पट्ट्यांची जाळी, दोन तुकड्यांची काच आणि सहा सिलिंडरचं इंजिन. आजोबा गेले. काही महिन्यांनी आजींनी किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाल्या, “मला विकायचा नाही. चालवणारा माणूस हवाय.”

मी चालवू लागलो. पण ट्रक फार आदळायचा. पुढे एका बाजूच्या चाकापासून दुसऱ्या बाजूच्या चाकापर्यंत एकच अखंड अ‍ॅक्सल आणि त्यावर दोन्ही बाजूंना पाट्यांची चवड. टांग्याला असायचे, उसाच्या ट्रकला आजही असतात, तसेच पाटे. खड्डा एका चाकाला लागला तरी धक्का दोन्ही चाकांना. सौ.ची कंबर दुखायची, म्हणून ती बसायचीच बंद झाली.

मग मी हुशारी केली. विचार केला, एवढे पाटे कशाला? रिकामाच तर ट्रक चालवायचाय. दोन्ही बाजूंचे तीन-तीन पाटे काढून टाकले. ट्रक मऊ झाला. आठवडाभर मी फार खूश होतो.

एका दुपारी सात वर्षांची नात शेजारी बसली होती. कंबरपट्टा मी आधीच बसवून घेतला होता, हे नशीब. समोरून शाळेची बस आली, थांबली, तिचे लाल दिवे लागले. तिथे असे दिवे लागले की दोन्ही बाजूंच्या गाड्यांनी थांबायचं असतं, कारण मुलं रस्ता ओलांडणार असतात. मी जोरात ब्रेक दाबला. ट्रक थांबता थांबता डावीकडे ओढला गेला, बसच्या दिशेनं. थांबला तेव्हा पुढचं चाक मधली पिवळी रेघ ओलांडून पलीकडे होतं. बसच्या पायरीवर एक मुलगा उभा होता.

नात म्हणाली, “आजोबा, ट्रक तिकडे का गेला?”

कुणाला काही झालं नाही. ट्रक बाजूला घेऊन मी इंजिन बंद केलं आणि बराच वेळ तसाच बसलो. तेव्हा मला सरांचा आवाज ऐकू आला.

झालं होतं ते असं. ब्रेक लागला की चाकाबरोबर अ‍ॅक्सलही फिरू पाहतो. त्याला आवरून धरायचं काम पाटेच करतात. मी पाटे कमी केले, त्यामुळे उरलेले इंग्रजी एस अक्षरासारखे वळले. अ‍ॅक्सल पिळला गेला, स्टिअरिंगचा दांडा मात्र आपल्या जागी राहिला, आणि चाकं आपोआप वळली. मी पाट्यांना फक्त वजन उचलणारे हमाल समजत होतो.

त्याच रात्री काढलेले पाटे परत बसवले आणि कागदावर यादी केली. पाटे काय काय करतात? एक, वजन उचलतात. दोन, अ‍ॅक्सल पुढे-मागे सरकू देत नाहीत. तीन, बाजूला सरकू देत नाहीत. चार, ब्रेक लागल्यावर अ‍ॅक्सल पिळू देत नाहीत. पाच, एकमेकांवर घासून उसळी थोडी जिरवतात. सहा, किंगपिनचा मागचा कल राखतात. त्या कलामुळेच वळणानंतर स्टिअरिंग आपसूक सरळ येतं. यादीसमोर रकाना आखला आणि वर लिहिलं : ‘हे काम आता कोण करणार?’

तो रकाना भरला तेव्हाच पाटे काढून पुढची दोन्ही चाकं स्वतंत्र करायचं ठरवलं. शेव्हरोलेने स्वतःच १९६० च्या पिकअपमध्ये पुढची चाकं स्वतंत्र केली होती, म्हणजे कल्पना काही परकी नव्हती. भाग मात्र परके होते. फोर्डची मस्टँग टू ही लहान मोटार १९७४ ते १९७८ एवढीच निघाली, पण तिच्या पुढच्या सस्पेन्शनची घडण इतकी आटोपशीर की त्या धर्तीचे सुटे भाग जुन्या ट्रकांसाठी आजही मिळतात. शेव्हरोलेच्या घरात फोर्डची सून आली म्हणा ना. वजनासाठी कॉइल स्प्रिंग, चाक जागेवर धरायला आणि ब्रेकचा पीळ सोसायला वरचे-खालचे आर्म, उसळीसाठी शॉक अ‍ॅब्सॉर्बर, कल राखायला बॉल जॉइंट. शिवाय ड्रमऐवजी डिस्क ब्रेक, आणि पुढचा-मागचा ब्रेक वेगळा ठेवणारा मास्टर सिलिंडर.

पण त्यासाठी चासीवरचे जुने आधार कापावे लागणार होते. एकदा कापले की कापले. मी आजींकडे गेलो आणि सगळं सांगितलं, बसची गोष्टसुद्धा. त्यांनी एकच विचारलं, “तुझी नात त्यात बसणार आहे ना?” मी हो म्हणालो. “मग काप.”

दोन हिवाळे काम चाललं. आधी ट्रक सपाट करून घोड्यांवर चढवला. ओळंबा सोडून चाकाचा मध्य चासीवर पंचने खुणावला, कारण जुना अ‍ॅक्सल गेला की चाक नेमकं कुठे होतं हे सांगणारं कुणी उरत नाही. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर दोन्ही बाजूंना ११६ इंच हवं, ते तपासलं. मग कर्ण मोजले. दोन सुतांचा फरक निघाला, म्हणजे चासी कधीतरी मार खाऊन तिरकी झालेली. ती आधी सरळ करून घेतली. आधारांचे रिव्हेट डोकी घासून, पंच मारून, ड्रिलने काढले. एका रिव्हेटमागून ब्रेकची नळी जात होती. तिथे मी लाकडाची फळी धरली. सर, त्या दिवशी मी एकटाच गॅरेजमध्ये हसलो.

चासीचा दांडा एका बाजूनं उघडा असतो. नवा भार सोसण्यासाठी पुढच्या भागात पोलादी पट्टी लावून तो पेटीसारखा बंद केला. वेल्डिंग मी केलं नाही. माझं वेल्डिंग कपाटाच्या कडीपुरतं ठीक आहे. जाणकार वेल्डर बोलावला. त्यानं आधी ठिकठिकाणी टाके मारले आणि मग बाजू बदलत बदलत जोडलं, म्हणजे तापून चासी वाकायला नको.

एवढं करूनही यादी अपुरी निघाली. स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की टायर घासू लागला. जुन्या अ‍ॅक्सलवर चाकानं किती वळायचं याची हद्द घालणारे बोल्ट होते. ते मी यादीत लिहिलेच नव्हते. म्हणजे सातवं काम सुटलं होतं. नवी हद्द बसवली, तेव्हा कुठे ट्रक रस्त्यावर आला.

पहिल्या फेरीला आजींना घेऊन गेलो. पूर्वी त्या बसल्या की एका हातानं डॅशबोर्डची कड धरायच्या. त्या दिवशी दोन्ही हात मांडीवर होते. गावाबाहेर गेल्यावर म्हणाल्या, “तो असता तर म्हणाला असता, फारच गुळगुळीत केलास.” परत येताना मी मोकळ्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबून पाहिला. ट्रक सरळ थांबला. आता सौ.ही बसते. जुना अ‍ॅक्सल आणि पाटे तेल लावून, बांधून ठेवलेत. उद्या कुणाला लागले तर आहेत.

त्यातला सर्वांत लहान पाटा मी सोबत आणलाय. विमानतळावर अधिकाऱ्याला हे काय आहे ते समजावताना घाम फुटला. आपल्याकडे लोहार अशा पाट्याचा कोयता करतात, एवढं पाणी त्या पोलादात असतं. सर, हा तुमच्यासाठी.

आता शेवटचं. काल वर्कशॉपमध्ये जाऊन आलो. ड्रिलिंग मशीनच्या टेबलावर माझा खड्डा अजून आहे. तिथेच कळलं, की ती खोली मोकळी करून दुसऱ्या कामाला घ्यायचा विचार चाललाय. बदलाला माझा विरोध नाही. मी स्वतः चासी कापलेला माणूस आहे. संस्थेला एवढीच विनंती, की ऐरण बाहेर काढण्याआधी एक कागद घ्या. ती खोली आजवर काय काय करत होती ते लिहा आणि समोरचा रकाना भरा. तो भरताना काही अडलं, तर पैशाला आणि हातांना आमची तुकडी आहे. आणि एखादं काम सुटलं असेल, तर ते सांगायला सर आहेत. आज तरी त्यांना विचारून घ्या.