वर्धक रस आणि रक्तांतील शिपाई

मेंदूच्या तळाशीं वाटाण्याएवढी पिट्यूटरी ग्रंथि असते. तिचा वर्धक रस मुलांची उंची वाढवितो. आम्हां मास्तरांचें लक्ष तेवढ्यावरच! परंतु त्याची सत्ता हाडांपुरती नाहीं. १९३० सालीं फिलिप स्मिथ यांनीं उंदरांची ही ग्रंथि काढली, तेव्हां त्यांच्या छातींतील थायमस आकसलें. आणि टी-पेशी तयार होतात त्या तेथेंच. पुढें दिसलें कीं, माणसाच्या रक्तांतील पांढऱ्या पेशींवरही हा रस ओळखणारे ग्राहक आहेत. न्यूट्रोफिल पेशीला प्रयोगनळींत तो दिला, कीं ती जणू बंदूक ठासून सज्ज होते. पुढें चेतविली असतां प्राणवायूचें दाहक रूप अधिक जोरानें सोडते. लिम्फोसाइट पेशी तर हा रस स्वतःही किंचित् बनवितात.

मग अशक्त रोग्यास तोच कां टोंचूं नये? १९९९ सालीं युरोपांतील दोन चांचण्यांचें फळ प्रसिद्ध झालें. अतिदक्षता विभागांतील ५३२ रोग्यांपैकीं निम्म्यांस मोठी मात्रा दिली होती. एका चांचणींत मृत्यूचें प्रमाण शेंकडा २० ऐवजीं ३९ झालें, दुसरींत १८ ऐवजीं ४४! ठासलेली बंदूक घरांतच उडते कीं काय, अशी शंका मला येते. ज्याच्या शरीरांत हा रस खरोखरच उणा आहे असें तपासणीनें ठरलें, त्याची गोष्ट मात्र निराळी. त्याला डॉक्टर अल्प मात्रेनें तो अवश्य देतात.