मोत्यांचे पाणी



संगणकावर फोटो उजळ करणे हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे कोणी म्हणेल. दोन दांड्या, एक ब्राइटनेसची नि दुसरी कॉन्ट्रास्टची. सरकवल्या की काम झाले! आम्हीही असेच समजत होतो, आणि त्या समजुतीपायी आमच्या आजीच्या नथीतल्या मोत्यांचे पाणी घालवून बसलो.

आजीचा तो एकुलता एक कृष्णधवल फोटो. आजी वर्णाने सावळी. सावळेपणा हा फोटोतला दोष आहे असे आमच्या घरी कोणी ठरवले कोण जाणे, पण "जरा उजळ करा की" असा सर्वांचा आग्रह पडला. आम्ही फोटो स्कॅन केला, दांडी पुढे नेली, मंडळी खूष झाली, आणि आम्ही त्याच फायलीवर 'सेव्ह' केले. मूळ फोटो पुढच्या पावसाळ्यात वाळवीने खाल्ला. काही दिवसांनी तो गोरेपणा आमचा आम्हांलाच खुपू लागला, म्हणून दांडी तितकीच मागे आणली. आजीचा गाल परत आला. मोती आले नाहीत.

असे का व्हावे? नेहमीच्या फायलीत कृष्णधवल चित्राचा प्रत्येक ठिपका म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा: ० म्हणजे काळाकुट्ट, २५५ म्हणजे पांढराशुभ्र. जुन्या साध्या रीतीचा ब्राइटनेस सर्वांना सारखीच बेरीज करतो. समजा, गाल १५०, मोत्याची कड २१० आणि त्यावरची चमक २४५. साठ मिळवले की गाल २१० झाला. कड मात्र २७० व्हायची ती २५५ वर अडली, आणि चमकही तेथेच अडली. आता साठ वजा करा. गाल पुन्हा १५०. कड आणि चमक दोन्ही १९५. मोत्याची गोलाई ज्या पस्तिसांच्या फरकात होती, तो फरकच उरला नाही.

कॉन्ट्रास्टची तऱ्हा निराळी. तो मधला आकडा, समजा १२८, धरून बाकीच्यांना दोन्हीकडे ताणतो. दीडपट ताणले की १७८ चा २०३ होतो आणि ७८ चा ५३. चित्र उठावदार दिसते खरे, पण पांढऱ्याबरोबर काळ्या टोकालाही बळी पडतात. २००७ साली फोटोशॉपच्या सीएस३ आवृत्तीत ही रीत सुधारली आणि टोके बरीचशी सांभाळली जाऊ लागली. जुनी रीत मात्र हवी असणाऱ्यांसाठी ठेवलीच आहे. आमचे सांगणे एवढेच, की मूळ फाइल अलग ठेवावी, आणि हिस्टोग्राम नावाचा जो आलेख असतो तो उजव्या भिंतीला चिकटू लागला की हात आवरावा.

उलट बाजूचेही एक उदाहरण आहे. जून १९९४ मध्ये अमेरिकेत ओ. जे. सिम्पसन यांचा पोलिसांनी काढलेला एकच फोटो 'न्यूजवीक' आणि 'टाइम' या दोन्ही साप्ताहिकांच्या मुखपृष्ठांवर आला. 'टाइम'ने तो काळवंडून छापला होता. खटला उभा राहण्यापूर्वीच एका कृष्णवर्णीय माणसाला अधिक भयंकर दाखवले, असा गहजब झाला आणि संपादकांना खुलासा करावा लागला. तेथे काळे केले, आम्ही गोरे केले, दांडी तीच.

तो फोटो आजही आमच्या बैठकीत आहे. आमची धाकटी मुलगी विचारते, "बाबा, पणजीच्या नथीत बटणं होती का?" मोती होते, चांगले पाणीदार होते, असे आम्ही सांगतो. तिला ते आमच्या शब्दावर मानावे लागते.